चष्म्यातली कार्यशाळा

कामगारांच्या प्रशिक्षणासाठी आभासी वास्तवाचे चष्मे घ्यावेत का, असे लघुउद्योजक हल्ली मला विचारतात. मी उलट विचारतो, तुमच्याकडे शिकाऊ माणसाची चूक झाली तर काय होते?

अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवरच हलणारे खोटे विमान तयार केले, तेही वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातल्या भात्यांची विद्या वापरून! दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले, कारण आकाशातली चूक जिवावर बेतते. आग, वायुगळती, उंचावरचे काम यांचा सराव असाच चष्म्यात करावा. पण कानस घासणे? लोखंड किती झिजले ते मनगटाला कळते, चष्म्यात हाताला लोखंड लागतच नाही. आणि प्रेसखाली बोटे जात असतील, तर ते पैसे आधी संरक्षक जाळीवर खर्च करा, हे मी स्पष्टच सांगतो.

संवर्धित वास्तवाची गोष्ट वेगळी. तारांच्या जोडणीचा आराखडा कामगाराला समोरच्या फळीवरच दिसावा, म्हणून बोइंगमध्ये १९९० च्या सुमारास ही कल्पना पुढे आली. तिथे पाठांतर वाचते.

शिवाय यंत्रे टिकत नाहीत. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ चे उत्पादन २०२४ मध्ये थांबवले. त्यासाठी करून घेतलेल्या धड्यांचे काय करायचे? काहींना चष्म्याने मळमळतेही. तेव्हा आधी दोन-चार चष्मे भाड्याने आणावेत, निम्म्या मुलांना त्यावर, निम्म्यांना नेहमीसारखे शिकवावे आणि महिन्याने सगळ्यांना खऱ्या यंत्रावर उभे करून पाहावे.