जकातीचा नाका आणि शहराचा खजिना

कांदिवलीहून उत्तरेस बोरिवली ओलांडली कीं दहिसर लागतें, आणि दहिसरापलीकडे मुंबई महानगरपालिकेची शीव संपते. ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीपर्यंत ह्या शिवेवर जकातीचा नाका चालू होता. मुलुंड, ऐरोली, मानखुर्द येथेंहि तसेच नाके होते. बाहेरून येणारी मालमोटार तेथें थांबावयाची, कागद दाखवावयाचे, मालाच्या किंमतीवर कर भरावयाचा, आणि मगच माल शहरांत यावयाचा. आमच्या स्वयंपाकघरांतील कितीतरी जिनसांच्या किंमतींत ह्या नाक्याचा वांटा असे. पण तो कोणत्याहि पावतीवर दिसत नसे, म्हणून गृहिणींना त्याची जाणीव नव्हती.

हा कर नवा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नगरद्वाराजवळ शुल्कशाला उभारून तिच्यावर ध्वज लावावा असें सांगितलें आहे. व्यापारी कोण, कोठून आला, माल किती, त्यावर पहिली मुद्रा कोठें उमटली, हें सारें तेथील अधिकाऱ्यांनीं लिहून घ्यावें. मुद्रा नसल्यास दुप्पट शुल्क, आणि मुद्रा खोटी निघाल्यास आठपट दंड! बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः किंमतीचा पांचवा हिस्सा घ्यावा. मात्र विवाह, उपनयन, यज्ञ, देवपूजा ह्यांकरितां आणलेल्या वस्तूंस शुल्क माफ. आमच्या काळच्या जकातदारांस मुंजीचें एवढें अगत्य असल्याचें ऐकिवांत नाहीं.

कांदिवली १९५७ मध्यें मुंबई महापालिकेच्या हद्दींत आली. शहर वाढत गेलें, तसा जकातीचा पैसाहि वाढत गेला, आणि अखेरीस तोच पालिकेचा सर्वांत मोठा आधार झाला. रांगा, लांच आणि खोटीं बिलें हे त्या कराचे दोष उघड होते; त्यांचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण तो पैसा रोजच्या रोज येई, आणि त्यासाठीं शहरास कोणापुढें हात पसरावा लागत नसे.

म्हणूनच २०१३ सालचा वाद समजून घेण्याजोगा आहे. राज्य सरकारनें इतर महापालिकांत जकातीच्या जागीं टप्प्याटप्प्यानें ‘स्थानिक संस्था कर’ आणला होता. १ एप्रिल २०१३ पासून पुणें, ठाणें, नागपूर ह्यांचीहि पाळी आली, आणि पुढें मुंबईंतहि तो आणण्याचा विचार होता. ह्या करांत नाका नाहीं; व्यापाऱ्यानें शहरांत आणलेल्या मालाचा हिशेब ठेवून स्वतःच भरणा करावयाचा. विक्रीकराच्या दप्तरावर आणखी एक दप्तर आणि ते तपासणारा आणखी एक अधिकारी नको, म्हणून व्यापाऱ्यांनीं एप्रिल-मे महिन्यांत दुकानें बंद ठेविलीं. सणासुदीच्या खरेदीसहि त्याची झळ लागली. मुंबई पालिकेंतील सत्ताधारी शिवसेनेचाहि ह्या करास विरोध होता. दोघांचा विरोध एकाच गोष्टीस असला तरी कारणें मात्र भिन्न. व्यापाऱ्यास अधिकाऱ्याचें भय, तर पालिकेस हातचें उत्पन्न जाण्याचें. ज्याच्या खिशांतून अखेर दोन्ही कर जावयाचे, त्या गिऱ्हाइकाचें नांव मात्र दोन्ही बाजूंच्या भाषणांत तोंडीं लावण्यापुरतेंच होतें, असें आमचें स्पष्ट मत आहे. मुंबईंत तो कर आलाच नाहीं. इतरत्रहि १ ऑगस्ट २०१५ पासून, पन्नास कोटींच्या आंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला.

जकातीचा अंत दुसऱ्याच वाटेनें झाला. २०१६ च्या एकशेंएकाव्या घटनादुरुस्तीनें राज्यसूचींतील बावन्नावी नोंद, म्हणजे मालाच्या प्रवेशावर कर बसविण्याचा अधिकारच, वगळण्यांत आला. मे २०१७ मध्यें विधिमंडळाच्या खास अधिवेशनांत वस्तु व सेवा कराचे कायदे झाले, त्यांतच महापालिकांच्या भरपाईचा कायदाहि होता. मुंबईचा पैसा दरमहा ठराविक मुदतींत, थेट मिळावा हा शिवसेनेचा आग्रह होता. जुलैच्या आरंभींच ६४७ कोटी ३४ लाख रुपयांचा पहिला धनादेश पालिकेच्या हातीं पडला.

ह्या आंकड्यास बारांनीं गुणिलें तर वर्षाचे सुमारें ७,७६८ कोटी होतात. त्यावर दरसाल आठ टक्के चक्रवाढ. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस आठवत असेल कीं आठ टक्क्यांनीं मुद्दल नऊ वर्षांत दुप्पट होतें. तेव्हां रक्कम तुटपुंजी आहे असें कोणी म्हणूं नये. खोंच निराळीच आहे. हा दर शहरानें ठरविलेला नाहीं, आणि शहरास तो बदलतांहि येत नाहीं. धान्यावरील कर कमी करून चैनीच्या मालावर वाढवावा असें उद्यां सभागृहास वाटलें, तरी तें त्याच्या हातीं उरलेलें नाहीं. मिळकतीचा मालक आतां नेमणुकीवर राहिला आहे. केंद्राकडून राज्यांस मिळणारी भरपाई पांच वर्षांनीं, जून २०२२ अखेर, थांबली. राज्याच्या तिजोरीस ओढ लागली तर नेमणुकीचें काय होईल, ही शंका ज्यांस येते त्यांस आम्ही भित्रे म्हणणार नाहीं.

स्वतःचा म्हणून मोठा कर उरला तो घरपट्टीचा. त्यांतहि पांचशें चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांस २०२२ मध्यें माफी मिळाली. आमच्या चारकोपच्या वसाहतींतील लहान घरांस तिचा लाभ झाला, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करील असें नाहीं. पण त्याच वर्षीं मार्चमध्यें निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली, आणि पुढें कित्येक वर्षें सारा कारभार प्रशासकाकडे राहिला. कराला विरोध करावयाचा झाला तरी तो करणारें सभागृहच त्या काळांत नव्हतें.