घराण्यातली साखर आणि रोजचे चालणे

"डॉक्टरसाहेब, ही साखर आमच्या घराण्यातच हाय. बापाला होती, आता मला झाली. चालून काय रक्त बदलतंय व्हय?"

ढोकीतील माझ्या दवाखान्यात साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी हा प्रश्न केला आणि तो मला झोंबला. माझे वडीलही मधुमेहानेच गेले. खुर्चीत बसून माझेही पोट सुटले होते. रोग्यांना चालायला सांगणारा मी स्वतः मात्र दवाखान्यात स्कूटरवर येत होतो!

काकांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. आईवडिलांकडून आलेली जनुके बदलत नाहीत. परंतु जनुके असणे वेगळे आणि ती कामाला लागणे वेगळे. बाजारपेठेत दुकाने तीच असतात. पण कोणाचे शटर वर आहे आणि कोणाचे खाली, यावर त्या दिवशीचा बाजार ठरतो. व्यायाम हीच शटरे वर-खाली करतो.

आपण भरभर चालतो तेव्हा स्नायूंना जादा इंधन लागते. त्या मागणीने 'पीजीसी-१ अल्फा' हे जनुक जागे होते. त्याचा शोध १९९८ साली लागला. त्याच्या हुकमाने स्नायूंच्या पेशींत इंधन जाळणाऱ्या भट्ट्या वाढतात. दुसरे एक जनुक रक्तातील साखर आत घेणारी दारे तयार करते. मात्र ही जाग थोड्या वेळाची असते, साधारण दिवसभरात ती ओसरते. म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा पडू देऊ नये.

चरबीचे काय? स्वीडनमधील लुंड विद्यापीठाने २०१३ साली जरा स्थूल अशा २३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने त्यांनी आठवड्यातून सरासरी दोनदाही व्यायाम केला नव्हता. तरीही त्यांच्या चरबीतील ७,६६३ जनुकांवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या आढळल्या. मधुमेह व स्थूलतेशी संबंधित जनुकेही त्यांत होती.

"मी तर सडपातळ आहे," असे म्हणून वाचकांनी निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. पण अंगातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. ही तुलना २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. आपल्याकडची चरबी अशी काट्याला चकवते. तेव्हा काट्याबरोबर कमरेवरही लक्ष ठेवा.

रोज अर्धा तास, थोडी धाप लागेल पण बोलता येईल, इतक्या वेगाने चालावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी व खिशात साखर ठेवावी. अनवाणी चालू नये. छातीत दुखल्यास लगेच थांबून दवाखाना गाठावा.

मीही स्कूटर घरी ठेवली. सहा महिन्यांत वजन जेमतेम दोन किलो उतरले, पण पट्टा दोन भोके आत आला. काका पहाटे स्टेशनच्या रस्त्याला भेटतात. गोळ्या सुटलेल्या नाहीत, पण साखर आटोक्यात आहे. परवा त्यांच्यासोबत त्यांचा मुलगाही चालत होता.