‘माझी मैना गांवावर राहिली’ : अर्थ व पाठ यांचा विचार

मराठी पोवाड्यांच्या संग्रहाचा आरंभ १८९१ सालीं ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं छापिलेल्या ग्रंथापासून धरण्याचा प्रघात आहे. त्यांतील पुष्कळसे पोवाडे गोंधळ्यांच्या मुखांतून उतरून घेतलेले आहेत. कोणत्याही सरदाराच्या दप्तरांत ते सांपडले नसते. पुढें १९२८ सालीं यशवंत नरसिंह केळकर यांनीं ‘ऐतिहासिक पोवाडे’ प्रसिद्ध करून त्या कामास टीपांची व कालनिर्णयाची जोड दिली. वाचकांस हें सर्व ठाऊकच आहे. परंतु ज्या कसोशीनें आम्ही अफजलखानाच्या वधाच्या पोवाड्याचे पाठ ताडून पाहतों, ती कसोशी गिरणगांवांत जन्मलेल्या शाहिरीच्या वांट्यास क्वचितच येते. तिला ‘कालची’ म्हणून बाजूस ठेवण्याची आमची रीति आहे. प्रस्तुत लेखांत त्या शाहिरींतील एकच गीत घेऊन त्याच्या अर्थाविषयीं रूढ झालेला एक समज तपासावयाचा आहे. तें गीत म्हणजे अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गांवावर राहिली’ ही छक्कड.

कर्त्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजीं वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं मांग जातींत झाला. हा तालुका तेव्हां सातारा जिल्ह्यांत होता, आतां सांगली जिल्ह्यांत आहे. शाळेशीं त्यांचा संबंध दीड दिवसाचा, असें सांगतात. १९३१ च्या सुमारास कुटुंबासह पायीं चालत ते मुंबईस आले; हमाली, फेरी, गिरणीची मजुरी अशीं मिळतील तीं कामें केलीं आणि अक्षरओळखही तेथेंच, दुकानांच्या पाट्यांवरून करून घेतली. १९४४ सालीं अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनीं लाल बावटा कलापथक काढलें. अमर शेख मूळचे बार्शीचे, म्हणजे आमच्या मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचे. १९५९ सालीं अण्णा भाऊंची ‘फकिरा’ ही कादंबरी निघाली आणि १८ जुलै १९६९ रोजीं ते वारले. गाणारा आणि कथा सांगणारा हे दोघे एकाच देहांत नांदत होते, ही गोष्ट पुढील विवेचनांत उपयोगी पडेल.

तमाशाचा सांचा त्यांनीं वारशानें घेतला, परंतु जसाच्या तसा ठेविला नाहीं. आरंभींचा गणेशाचा गण काढून त्या जागीं मातृभूमि, हुतात्मे व कष्टकरी यांस वंदन घातलें. गौळण तर अजिबात वगळली. लावणी मात्र त्यांनीं सोडिली नाहीं, तिचा विषय बदलला. याचें उत्तम उदाहरण त्यांची ‘मुंबईची लावणी’. याच वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी ऊर्फ पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांनीं मुंबईच्या वैभवावर लावणी रचिली होती. अण्णा भाऊंनीं त्याच नगरीचें वर्णन करितांना मलबार हिलचें ऐश्वर्य आणि परळची दैना शेजारीं शेजारीं मांडली. एकाच तालुक्याचे दोन शाहीर, एकच शहर, एकच रचनाप्रकार. दोन्ही लावण्या एकत्र बांधून ठेवण्याजोग्या आहेत. छक्कड हा लावणीच्याच कुळांतला प्रकार. ढोलकीच्या ठेक्यावर चालणारा, एकाच यमकाची सांखळी ओढीत नेणारा. ‘माझी मैना’ मध्यें ‘ची’कारान्त षष्ठीचें यमक जवळजवळ सबंध गीतभर चालविलें आहे.

आतां गीताचा आशय. मुंबईस आलेला मजूर गांवीं ठेविलेल्या बायकोची आठवण काढतो. प्रथम तिचें रूप, मग तिचा स्वभाव. पुढें दारिद्र्यानें झालेली ताटातूट, पहाटेचें निघणें, बांधून घेतलेली भाकरी, वेशीपर्यंत पोंचवावयास आलेली ती. मग निरोप घेतांना तिला दिलेलीं दागिन्यांचीं वचनें, आणि मुंबईंत प्रत्यक्षांत बेकारांच्या गर्दींत धक्के खाणें. यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा उल्लेख येतो आणि आपल्या मैनेची जी गत तीच खंडित महाराष्ट्राची, असें शाहीर म्हणतो.

संस्कृताच्या अभ्यासकास येथें मेघदूत आठवल्यावांचून राहत नाहीं. यक्षही चाकरीच्या बंधनामुळेंच पत्नीपासून दूर आहे. उत्तरमेघांत यक्षपत्नी पिंजऱ्यांतील सारिकेस धन्याची आठवण होते कां असें विचारते. सारिका म्हणजेच मैना. अण्णा भाऊंनीं हें काव्य वाचलें असेल असें आम्ही सुचवीत नाहीं, आणि तशी गरजही नाहीं. भेद मात्र लक्षांत घेण्यासारखा आहे. यक्षाच्या शापास वर्षाची मुदत आहे, आणि परतल्यावर अलकेचें वैभव जागच्या जागीं आहे. मजुराच्या विरहास मुदत नाहीं, कारण त्याचें कारण शाप नसून पोट आहे.

दागिन्यांची याद विशेष पाहण्याजोगी आहे. शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ असे अलंकार तींत येतात. रोजंदारीच्या मजुरास यांतील एकही परवडणारा नव्हे. निरोपाच्या वेळची बोली आणि खिशांतील पैसा यांतील अंतर ऐकणारास न सांगतां कळतें. परंतु संशोधकास याहून वेगळी गोष्ट दिसते. कोल्हापुरी साजाची हौस कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या खोऱ्यांतली. आमच्या भागांतील नवऱ्यानें बोरमाळ किंवा एकदाणी कबूल केली असती. म्हणजे ही मैना कोणत्या मुलखांतली, हें तिच्या अंगावर नसलेल्या दागिन्यांवरूनच ठरवितां येतें. कल्पित नायिकेस कवि इतक्या नेमक्या तालुक्यांत बसवीत नाहीं.

येथें मुख्य मुद्द्यास येऊं. ही मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्र, गांवावर राहिली म्हणजे बेळगांव-कारवार बाहेर राहिलें, आणि बाकीचें सारें वर्णन हें रूपक, असा अर्थ हल्लीं सर्रास सांगण्यांत येतो. तो आम्हांस मान्य नाहीं. रूपकांत उपमेय व उपमान यांचा अभेद मानावा लागतो. शाहिरानें अभेद केलेला नाहीं. त्यानें एक गोष्ट पुरी सांगितली, मग दुसरी तिच्याशेजारीं आणून ठेविली आणि दोहोंची दशा सारखी म्हणून उघड वाचकशब्द घातला. ही उपमा आहे. उपमेंत वर्ण्य विषय तो उपमेय, आणि ज्याच्याशीं तुलना करावयाची तें उपमान. उपमान हें ऐकणारास अधिक परिचित असावें लागतें. मुख चंद्रासारखें म्हणावयाचें तर चंद्र सर्वांनीं पाहिलेला हवा. या गीतांत उपमेय आहे महाराष्ट्र, आणि उपमान आहे मजुराची मागें राहिलेली बायको. अर्थात् शाहिराच्या पुढें बसलेल्या श्रोत्यांस राज्याच्या सीमांपेक्षां बायकोचा विरह अधिक ठाऊक होता, हें त्यानें गृहीत धरिलें आहे.

आणि तें गृहीत खरेंच होतें. परळ-लालबागच्या खोल्यांतून पाळीपाळीनें निजणाऱ्या व खाणावळींत जेवणाऱ्या सातारा, रत्नागिरीकडील गिरणीकामगारांचीं बायकामुलें बहुशः गांवींच असत. त्यांस महाराष्ट्र समजावून सांगण्यासाठीं शाहिरानें त्यांच्या घरचें दुःख पुढें केलें. रूपक मानणारे हा क्रम उलटा करितात, आणि त्यामुळें चळवळ शिल्लक राहते व मजूर नाहींसा होतो. चळवळीचें काम बऱ्याच अंशीं १ मे १९६० रोजीं झालें. मजुराचें काय झालें, हा प्रश्न गीतांत आजही उभा आहे.

याच कर्त्याची ‘स्मशानांतील सोनें’ ही कथा आमच्या म्हणण्यास बळकटी देते. गांव सोडून मुंबईस आलेला भीमा खाणीवर काम करीत असतो. खाण बंद पडते, आणि पोटासाठीं तो मसणांतील राख चाळून सोन्याचे कण वेंचूं लागतो. शेवटीं प्रेताच्या जबड्यांत त्याचीं बोटें अडकतात व तीं कापावीं लागतात. त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. गीतांत ज्यानें सोन्याच्या दागिन्यांचीं वचनें दिलीं, त्यास मुंबईंत सोनें कोठें मिळालें याचें उत्तरच जणूं या कथेंत आहे. कथाकाराचा मजूर प्रतीक नाहीं, मग शाहिराचाच कां असावा?

ज्या देवणीस बसून आम्ही हें लिहीत आहों तें गांव बाहेरच्या जगास त्याच्या नांवाच्या गाईबैलांमुळें ठाऊक आहे, गाण्यांमुळें नव्हे. परंतु या गीतावर बोलण्याचा आमचा हक्क थोडका नाहीं. हा मुलूख हैदराबाद संस्थानच्या बीदर जिल्ह्यांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तो जिल्हा भाषेच्या धोरणानें फोडण्यांत आला. उदगीर, अहमदपूर व निलंगें हे तालुके तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले, आणि बीदर, भालकी, औराद हा भाग म्हैसूरकडे गेला. सोयरीक, बाजार, यात्रा यांच्या वाटा मात्र पूर्वीप्रमाणेंच चालू राहिल्या. त्या मुलखांतील मराठी गांवांचा प्रश्न २००४ सालीं महाराष्ट्र सरकारनें सर्वोच्च न्यायालयांत दाखल केलेल्या दाव्यांतही आहे. प्रचलित पाठाच्या त्या ओळींत बेळगांव, कारवार, डांग, उंबरगांव हीं नांवें येतात. भालकी-औरादचें नांव तींत नाहीं. आमच्याकडील श्रोत्यास तें खटकतें. पण उपमा असल्यामुळें गीत त्यास परकें होत नाहीं. उपमेय दूरचें असलें तरी उपमान त्याच्या घरांत आहे. हैदराबादेस, पुण्यास किंवा उसाच्या तोडीस गेलेल्या माणसाचें घर या पंचक्रोशींत कोणास दाखवावें लागत नाहीं.

आतां पाठाविषयीं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें १९९८ सालीं अण्णा भाऊंचें निवडक वाङ्मय एकत्र छापिलें, तें संग्राहकांनीं मूळ धरावें. परंतु कलापथकाचें गीत छापखान्यापेक्षां गळ्यांतून अधिक फिरलें. गाणारे पुष्कळदां पूर्वार्धच गातात आणि तो निव्वळ शृंगारिक लावणी म्हणून ऐकिला जातो. सभांतून उत्तरार्धावरच भर पडतो. अशा रीतीनें एका गीताचीं दोन गीतें होत आहेत, आणि उपमेचा सांधा नेमका त्या तुटण्याच्या जागीं आहे. शिवाय १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. बदली कामगार, खाडा, पाळी, सांचा या शब्दांचे त्या काळचे अर्थ सांगणारीं माणसें विरळ होत आहेत. शिवकालीन पोवाड्यांतील शब्दांस आम्ही जसे कोश लावतों, तसा कोश या शाहिरीसही लावावा लागेल.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, पोथ्यांच्या शोधांत गांवोगांव फिरतांना शाहिरांच्या, कलापथकांत काम केलेल्यांच्या व भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्याही पाहाव्या. दोन-चार आण्यांच्या गाण्यांच्या चोपड्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. ‘माझी मैना’ आढळल्यास तीन ठिकाणें अक्षरशः उतरून घ्यावीं : दागिन्यांची याद, दोन दशांची तुलना करणारी ओळ, आणि तिच्या पुढची गांवांच्या नांवांची ओळ. वही कोणाच्या घराण्यांतली, कोणत्या सालची, गाणारा कोणत्या कामास कोठें गेला होता, हेंही समासांत टिपावें. उदगीर, देवणी, भालकी, औराद या पट्ट्यांतील वह्या विशेष अगत्यानें पाहाव्या. त्या ओळींत सीमेच्या अलीकडील व पलीकडील गाणारांनीं कोणतीं नांवें घातलीं, हें तेथेंच ताडून पाहतां येईल.