एक लाख कोटी, निविदेविना

2020 चा उन्हाळा. ब्रिटनच्या रुग्णालयांत संरक्षक गाऊन संपत आले होते. सरकारने जगभर खरेदीचा धडाका लावला आणि 31 जुलैपर्यंत कोरोनासाठी 8,600 हून अधिक कंत्राटं देऊन टाकली. एकूण 18 अब्ज पौंडांची. त्यातले साडेदहा अब्ज गेले थेट, कोणाशीही कोणाची स्पर्धा न लावता. तेव्हाच्या दराने हे जवळपास एक लाख कोटी रुपये. 1 जानेवारीपासून मोजलं तरी रोजचे, अगदी रविवार धरून, सुमारे 470 कोटी! आणि स्पर्धेतून दिलेली नवी कंत्राटं? फक्त 20 कोटी पौंडांची. स्पर्धेतून एक पौंड, तर थेट पन्नासहून जास्त.

निकड खरी होती. माणसं मरत असताना निविदेच्या मुदती मोजत बसता येत नाही, आणि अशा वेळी थेट खरेदीची मुभा तिथल्या कायद्यातच आहे. पण मला खरा हादरवतो तो दुसराच आकडा. मंत्र्यांची कार्यालयं, खासदार, बडे अधिकारी यांच्या शिफारशीने आलेल्या पुरवठादारांसाठी वेगळी रांग होती. तिथल्या 493 पैकी 47 जणांना कंत्राट मिळालं. साध्या रांगेत 14,892 जण होते, मिळालं 104 जणांना. इकडे दहात एक, तिकडे शंभरातही एक नाही. कारखाना कोणाकडे आहे यापेक्षा ओळख कोणाची आहे याला मोल आलं. जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ही वेगळी रांग बेकायदा ठरवली. त्याआधी, फेब्रुवारी 2021 मध्ये, कंत्राटांचा तपशील तीस दिवसांत जाहीर न केल्याबद्दलही सरकार दोषी ठरलं होतं.

आणि माल? एका कंत्राटातले 5 कोटी मास्क डॉक्टर-परिचारिकांना देताच आले नाहीत. त्यांच्या दोऱ्या डोक्यामागे बांधायच्या नव्हत्या, कानांत अडकवायच्या होत्या. चेहऱ्यावर घट्ट बसण्याची खात्री नव्हती. किंमत 15 कोटी पौंडांहून अधिक. वर्षभरात संरक्षक साहित्यावर 12.1 अब्ज पौंड खर्च झाले, त्यातले 8.7 अब्ज हिशेबात बुडीत दाखवावे लागले. बाजारभाव कोसळल्याचा वाटा त्यात सर्वांत मोठा, पण निकामी आणि न वापरता येणारा मालही अब्जावधींचा.

शिफारशीच्या रांगेतूनच आलेल्या पीपीई मेडप्रो या कंपनीने अडीच कोटी गाऊन दिले होते. ते निर्जंतुक असल्याचं सिद्ध होईना. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने सुमारे 12.2 कोटी पौंड परत करायला सांगितलं. निकालाच्या आदल्याच दिवशी कंपनीने दिवाळखोरीच्या प्रक्रियेकडे पाऊल टाकलं होतं.