एकच लिप बाम चौघींनी वापरला तर काय होतं? जंतूंना कुठे घाबरायचं आणि कुठे नाही

शाळेत एकच लिमलेटची गोळी दोघांत वाटायची असेल तर ती फ्रॉकच्या किंवा शर्टाच्या टोकात गुंडाळून दातांनी फोडली जायची. 'चिमणीच्या दातांनी' फोडलेली गोळी उष्टी होत नाही, असा सगळ्यांचा ठाम समज! तीच मुलं मोठी झाली आणि आता लोकलमध्ये, हॉस्टेलवर, ऑफिसात एकच लिप बाम चौघींच्या ओठांवरून फिरतो. मग रात्री मोबाइलवर एखादं रील येतं, 'तुमच्या लिप बाममध्ये किती जंतू आहेत माहितीये का?' आणि पर्समधली ती छोटीशी कांडी एकदम धोकादायक वाटू लागते.

ही भीती खरी की खोटी? थोडी खरी आहे. पण आपण ती बऱ्याचदा नको तिथे खर्च करतो आणि हवी तिथे विसरतो.

ओठ एवढ्या लवकर का फुटतात?

आपल्या त्वचेत तैलग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारा तेलकट थर त्वचेतलं पाणी उडून जाऊ देत नाही. ओठांच्या लालसर भागात मात्र या ग्रंथी जवळजवळ नसतातच. शिवाय तिथला सगळ्यात वरचा थर गालांच्या त्वचेपेक्षा बराच पातळ असतो. म्हणूनच थंडी पडली किंवा दिवसभर एसीत बसलं की सगळ्यात आधी ओठ कोरडे पडतात.

कोरडे पडले की आपण जीभ फिरवतो. क्षणभर बरं वाटतं, पण लाळ सुकताना ओठांमधला ओलावाही घेऊन जाते. त्यात लाळेतली पाचक द्रव्यं नाजूक त्वचेला त्रास देतात. सतत ओठ चाटणाऱ्या मुलांच्या तोंडाभोवती लाल, खरखरीत कडं दिसतं ते यामुळेच.

यावरचा उपाय म्हणजे ओठांवर एक स्निग्ध थर देणं. पूर्वी रात्री झोपताना साजूक तूप किंवा लोणी लावलं जायचं. कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बियांपासून काढलेलं मुठेल ओठांना आणि टाचांच्या भेगांना लावतात. आजचा लिप बाम हेच काम मेण, तेल आणि पेट्रोलियम जेली यांच्या मिश्रणातून करतो.

लिप बामचं व्यसन लागतं का?

दारू-तंबाखूचं लागतं तसं व्यसन लिप बामचं लागत नाही. पण काही बाममध्ये मेंथॉल, कापूर, तीव्र सुगंध किंवा चवीसाठी घातलेले पदार्थ असतात. ते लावल्यावर गार-गार वाटतं, मात्र काही जणांच्या ओठांना त्यांचा त्रास होतो किंवा अ‍ॅलर्जी येते. ओठ आणखी कोरडे होतात, म्हणून बाम पुन्हा लावला जातो आणि चक्र सुरू राहतं. दिवसातून दहा वेळा बाम लावूनही ओठ सोलवटत असतील, तर महिनाभर साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली वापरून पाहावी. तरीही फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

बाममध्ये जंतू वाढतात का?

जिवाणूंना वाढायला पाणी लागतं. कांडीच्या स्वरूपातल्या बाममध्ये ते जवळपास नसतंच, त्यामुळे त्यावर जिवाणू पोहोचले तरी त्यांना सहज वाढता येत नाही. स्वतःच्या ओठांवरचे जिवाणू स्वतःच्याच बामवर असणं ही काळजी करण्यासारखी गोष्ट नाही. आपल्या शरीरावर आणि शरीरात मिळून जिवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी असल्याचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी आणि काही तर उपयोगी असतात.

मग 'मेकअपवर जंतू सापडले' या बातम्या खोट्या असतात का? नाही. ब्रिटनमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात लोकांनी वापरलेली लिपस्टिक, लिप ग्लॉस, मस्कारा, आयलायनर आणि मेकअपचे स्पंज अशा ४६७ वस्तू तपासल्या होत्या. बहुतेक वस्तूंवर जिवाणू आढळले. सर्वांत वाईट अवस्था स्पंजची होती. वापरून झाल्यावर ते ओलेच ठेवले जातात, ९३ टक्के स्पंज कधीच धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के स्पंज जमिनीवर पडूनही तसेच वापरले गेले होते. ओलावा आणि अस्वच्छता एकत्र आली की जिवाणूंचं फावतं, एवढं यातून लक्षात ठेवावं.

डबीतल्या बाममध्ये बोट घालावं लागतं, म्हणून हात धुतलेले असणं महत्त्वाचं. कांडी जमिनीवर पडली तर वरचा थर टिश्यूने किंवा सुरीने काढून टाकला की झालं.

खरा प्रश्न ओठावरच्या 'जर'चा

ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. आधी तिथे झिणझिण किंवा जळजळ होते, मग फोड येतात, फुटतात आणि खपली धरते. जुनी माणसं याला 'जर मुतला' म्हणतात. जर म्हणजे ज्वर, ताप. कुणी 'झोपेत पाल चाटून गेली' असंही सांगतं. यात पालीचा काही दोष नाही. हा हर्पीस सिम्प्लेक्स प्रकार १ या विषाणूचा संसर्ग असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे ६४ टक्के लोकांना, या विषाणूचा संसर्ग झालेला आहे. बहुतेकांना तो लहानपणीच घरातल्या कुणाच्या तरी पाप्यांतून मिळतो आणि अनेकांना त्याचा कधीच त्रास होत नाही. एकदा शरीरात शिरला की तो मज्जातंतूंमध्ये दडून राहतो. ताप, जागरण, ताण किंवा कडक ऊन हे निमित्त मिळालं की पुन्हा डोकं वर काढतो. म्हणजे तापाशी संबंध जोडण्यात जुनी माणसं चुकली नव्हती.

हा विषाणू मुख्यतः थेट स्पर्शातून पसरतो. शरीराबाहेर, कोरड्या जागी तो फार टिकत नाही, म्हणून बाममधून लागण होण्याची शक्यता चुंबनापेक्षा कमी. पण फोडांमधल्या द्रवात तो भरपूर असतो. म्हणून फोड आलेल्या दिवसांत आपला बाम, लिपस्टिक, टॉवेल किंवा पाण्याची बाटली कुणाला देऊ नये आणि कुणाची घेऊही नये.

एक घोळ इथे नेहमी होतो. 'तोंड येणं' म्हणजे तोंडाच्या आत, जिभेवर किंवा गालाच्या आतल्या बाजूला पांढरट छाले पडणं. ते सहसा संसर्गजन्य नसतात. ओठाच्या बाहेरच्या कडेला येणारा फोडांचा पुंजका ही वेगळी गोष्ट.

भीती चुकीच्या जागी

आजही अनेक घरांत क्षयरोग झालेल्या माणसाचं ताट-वाटी वेगळी ठेवतात. क्षयरोग खोकल्यातून, हवेतून पसरतो, भांड्यांमधून नाही. वेगळ्या ताटाने रोग थांबत नाही, फक्त माणूस दुखावतो.

आणि त्याच घरात बाराव्या दिवशी बारसं असतं. पाळण्याभोवती गर्दी जमते, बाळ या हातातून त्या हातात जातं, प्रत्येक जण पापी घेतो. त्यात एखाद्या पाहुण्याच्या ओठावर जर आलेला असतो. तो फोड मोठ्यांसाठी आठ-दहा दिवसांचा त्रास असतो. नवजात बाळासाठी मात्र तोच विषाणू जीवघेणा ठरू शकतो. पहिल्या चार आठवड्यांत बाळाची प्रतिकारशक्ती अगदी कोवळी असते आणि संसर्ग यकृतापर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असं क्वचित घडतं, पण घडलं तर उपचाराला वेळ फार थोडा मिळतो. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल, ताप असेल किंवा अंगावर फोड दिसत असतील तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावं.

थोडक्यात काय करायचं?

- लिप बाम शक्यतो स्वतःचाच वापरावा. चुकून दुसऱ्याचा वापरला तर घाबरून जाण्याचं कारण नाही.
- ओठावर फोड असताना बाम कापसाच्या काडीने लावावा आणि काडी फेकून द्यावी. फोडाला थेट लागलेला बाम नंतर वापरू नये.
- फोडाला हात लागला तर साबणाने धुवावा. तो हात डोळ्याला लावू नये.
- वारंवार फोड येत असतील तर डॉक्टरांना विचारावं. अ‍ॅसायक्लोव्हिरसारखी औषधं झिणझिण सुरू होताच घेतली तर जास्त उपयोगी पडतात.
- बामला खवट वास आला किंवा मुदत संपली की तो टाकून द्यावा.
- बारशाला जाताना ओठावर जर असेल तर पापी घेऊ नये. पाळण्याला झोका देऊन लांबूनच आशीर्वाद द्यावा. घरच्यांनीही 'पापी नको' म्हणायला संकोचू नये. पाहुण्याचा रुसवा दोन दिवसांत निघेल.