दोन मॉनिटर, एक कळ

मोडी कागदांवर पीएचडी करायची म्हणताय? मग १९२७ सालचं धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ टाळता येणार नाही. पण पुढचं काम खोलीतच, दोन मॉनिटरसमोर: डावीकडे कागदाचा स्कॅन, उजवीकडे लिप्यंतर. मोडीत शब्द सुटे नसतात, नजर हलली की ओळ गेली. त्यात पत्र बदलताना स्कॅन नवा आला आणि मजकूर जुनाच राहिला, तर एकाची ओळ दुसऱ्याच्या नावावर!

लिनक्सवरच्या आय-थ्री विंडो मॅनेजरमध्ये प्रत्येक मॉनिटरची वर्कस्पेस स्वतंत्र बदलते, म्हणून जोडी आपणच लावायची. कॉन्फिग फाइलमध्ये डाव्याला १ ते ९, उजव्याला ११ ते १९ क्रमांक बांधून टाका. मग छोटीशी स्क्रिप्ट: आकडा घ्यायचा, आधी त्या वर्कस्पेसवर जायचं, मग १० मिळवून येणाऱ्या. क्रम उलटा करू नका. फोकस शेवटच्या वर्कस्पेसवर राहतो, आणि कर्सर तुम्हाला लिप्यंतरातच हवा. आता सुपर आणि ३ दाबलं की तिसऱ्या पत्राचा स्कॅन आणि त्याचाच मजकूर समोर.

जळगावच्या विद्यापीठातल्या आणि घरच्या मॉनिटरची नावं वेगळी निघू शकतात. एक्सरँडर चालवून ती बघा आणि दोन्ही एकाच ओळीत लिहा. जोडलेलं असेल ते आय-थ्री घेतो.