वीतभर वायर आणि एक ‘टक्’

आंबोलीचा घाट, जुलैचं धुकं, आणि माझ्या जुन्या जीपला नुकतेच बसवलेले दोन फॉग लॅम्प. दहा मिनिटं रस्ता पिवळाधमक दिसला. मग डॅशबोर्डाखालून जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला. बटणाला हात लावला तर चटकाच बसला. दिवे बसवणाऱ्याने बॅटरीची वायर थेट बटणात आणि तिथून दिव्यांत नेली होती. मध्ये ना फ्यूज, ना रिले.

५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. त्याला १२ व्होल्टने भागा, ९ अँपिअरच्या वर जातं. घरातल्या २३० व्होल्टवर एवढ्याच वॅटला अर्धा अँपिअरही लागत नाही. ‘बाराच तर व्होल्ट’ म्हणणारे इथेच फसतात. शॉक बसत नाही हे खरं, पण वायर मात्र तापते.

सावंतवाडीच्या म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने ते बटण उपसून काढलं नि म्हणाला, “बटणान फक्त सांगूचा. दिवो रिलेन लावूचो.”

पूर्वी टपालाचे थकलेले घोडे चौकीवर बदलून ताजे जोडत, रिले हा शब्द तिथला. १८३५च्या सुमारास जोसेफ हेन्रीने अमेरिकेत ही युक्ती विजेला लावली: दुबळ्या प्रवाहाने दुसरा जोरकस प्रवाह चालू करायचा. गाडीतल्या काळ्या डबीत तेच घडतं. बटणातून जेमतेम ०.२ अँपिअर गुंडाळीत जातो, तिचं चुंबक होतं, पत्ती ओढली जाते. टक्! दिव्यांचा ९ अँपिअर बॅटरीतून जवळच्या वाटेने जातो, बटणाकडे फिरकतही नाही.

डबीच्या बुडाशी आकडे असतात, मूळ जर्मन मानकातले. ३०ला बॅटरी, ८७ला दिवे, ८६ला बटण, ८५ला अर्थ, म्हणजे गाडीचा पत्रा. पाच पिनांची डबी असेल तर मधली ८७ए सोडून द्या. तिच्यावर दिवे जोडले तर बटण बंद केल्यावर लागतात! बटणाला वीज इग्निशननंतरची द्यावी, म्हणजे विसरलेले दिवे रात्रभर बॅटरी पिणार नाहीत.

फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. पुढे वायर पत्र्याला घासून सोलली, तरी आग लागण्याआधी तो उडतो. माझ्या दिव्यांना निळा, १५ अँपिअरचा, आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या गाडीत मग वायरच फ्यूज होते.

बारीक, लांबलचक वायरीत व्होल्टही हरवतात. दिव्यापर्यंत १२चे १०.८ पोहोचले तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ एक तृतीयांश घटतो. अर्थ तर हमखास विसरला जातो. रंगावर स्क्रू आवळून भागत नाही, पत्रा खरवडून चकचकीत करावा लागतो. नव्या गाड्यांत मात्र संगणक दिव्यांचा प्रवाह मोजतो, तिथे वायर कापू नये. कपलरवाली तयार हार्नेस घ्यावी.

म्हाताऱ्याने दिवे अर्धा तास चालू ठेवले, मग एकेक जोड बोटाने चाचपला. रिले कोमट, फ्यूज होल्डर गार. डाव्या दिव्याच्या वायरीच्या टोकाचं एक थिंबल गरम लागलं. कापून, नवं घालून, पक्कडीने पुन्हा दाबलं आणि म्हणाला, “आता परत अर्धो तास.”